अडलेले उदाहरण आणि मदतीचा हात : अभियांत्रिकी गणित व ऊष्मागतिकीच्या अध्ययन-साहाय्याचा इतिहास

सारांश

अभियांत्रिकी गणित आणि ऊष्मागतिकी या विषयांतील उदाहरणे सोडवताना विद्यार्थ्याला वर्गाबाहेर मदत घ्यावी लागते, ही गोष्ट बहुधा अध्यापनाच्या ऱ्हासाचे किंवा विद्यार्थ्याच्या दुबळेपणाचे लक्षण मानली जाते. प्रस्तुत लेखात पॅरिस, केंब्रिज, लंडन, पुणे आणि बर्कली येथील अनुभवांचा ऐतिहासिक आढावा घेऊन या समजुतीची तपासणी केली आहे. अशी मदत या विषयांइतकीच जुनी आहे. ती कोणाला मिळते आणि कोणत्या क्रमाने दिली जाते, हे दोन प्रश्न मात्र प्रत्येक काळात निर्णायक ठरले आहेत, अशी या लेखाची मांडणी आहे.

प्रस्तावना

एक आदर्श उष्णता-इंजिन २२७ अंश सेल्सिअस आणि २७ अंश सेल्सिअस या दोन तापमानांच्या दरम्यान चालत असेल, तर त्याची कार्यक्षमता किती, हे ऊष्मागतिकीच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तोंडच्या ‘थर्मो’च्या, पहिल्या प्रकरणातील साधे उदाहरण आहे. नवखा विद्यार्थी दोन तापमानांतील फरकाला, म्हणजे २०० ला, २२७ ने भागतो आणि ८८ टक्के हे उत्तर काढतो. योग्य उत्तर ४० टक्के आहे, कारण भाजक निरपेक्ष मापनातील, म्हणजे ५०० केल्विन, असावा लागतो. या विद्यार्थ्याची वजाबाकी चुकलेली नसते आणि भागाकारही चुकलेला नसतो. निरपेक्ष तापमान ही कल्पना त्याच्या मनात रुजलेली नसते. अशा वेळी ‘उत्तर ४० आहे’ एवढेच सांगणारी मदत आणि ‘तू भागलेस ते कशाने व का?’ असे विचारणारी मदत यांत फार मोठे अंतर असते. पहिली मदत उदाहरण संपवते. दुसरी मदत विद्यार्थ्याला पुढच्या उदाहरणासाठी तयार करते.

अभियांत्रिकी शिक्षणातील या दोन विषयांचे स्वरूपच असे आहे, की व्याख्यान समजले तरी उदाहरण सुटेल याची खात्री नसते. ऊष्मागतिकीत प्रणालीची सीमा कोठे आखावी, कार्याचे चिन्ह धन घ्यावे की ऋण, कोणत्या अवस्थेचे मूल्य स्टीम टेबलमधून वाचावे, हे निर्णय सूत्राच्या आधी घ्यावे लागतात. यंत्र अभियांत्रिकीच्या अनेक पुस्तकांत प्रणालीने केलेले कार्य धन मानतात, तर रसायनशास्त्राच्या पुस्तकांत प्रणालीवर केलेले कार्य धन मानतात. त्यामुळे दोन पुस्तके समोर ठेवून बसलेला विद्यार्थी पहिल्या नियमापाशीच अडखळतो. गणितातही आंशिक अवकल समीकरणाची रीत पाठ असते, पण सीमा-अटी कोणत्या, हे प्रश्नाच्या शब्दांतून शोधावे लागते. हे कौशल्य ऐकून येत नाही. ते स्वतः करून, चुकून आणि कोणीतरी चूक दाखवून दिल्यावर येते. म्हणून ‘मदत कोण करणार?’ हा प्रश्न अभियांत्रिकी शिक्षणाच्या आरंभापासूनच उपस्थित झालेला दिसतो.

१. पॅरिस : शासनाने नेमलेला साहाय्यक

क्रांतीनंतरच्या फ्रान्समध्ये १७९४ मध्ये स्थापन झालेली संस्था पुढे ‘इकोल पॉलिटेक्निक’ या नावाने प्रसिद्ध झाली. गणित हा सर्व अभियांत्रिकीचा पाया मानून उभारलेले हे आधुनिक जगातील पहिले मोठे विद्यालय होय. लाग्रांज, मोंज आणि फूरिए यांच्यासारखे गणिती तेथे शिकवीत. परंतु केवळ थोर गणितज्ञांच्या व्याख्यानांनी अभियंते घडणार नाहीत, हे संस्थापकांच्या ध्यानात आले होते. त्यामुळे विद्यार्थ्यांचे लहान गट पाडून प्रत्येक गटावर एक पुढे गेलेला विद्यार्थी नेमण्यात आला. गटातील अडचणी सोडवणे हे त्याचे काम होते. पुढे ‘रेपेतितर’, म्हणजे पुनरावर्तक शिक्षक, हे स्वतंत्र पदच निर्माण झाले. व्याख्यानानंतर विद्यार्थ्यांना प्रश्न विचारणे, त्यांची तयारी तपासणे आणि समजलेले पुन्हा मांडून घेणे हे त्याचे कर्तव्य असे. तत्त्वचिंतक ऑग्यूस्त कोंत यांनी १८३२ पासून अनेक वर्षे विश्लेषण व यामिकी या विषयांसाठी हेच काम केले.

या व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे, की मदत ही संस्थेच्या वेतनपत्रकावर होती. विद्यार्थ्याला ती वेगळी विकत घ्यावी लागत नव्हती. मात्र संस्थेचे दार सर्वांना सारखे खुले राहिले नाही. आरंभी विद्यार्थ्यांना राज्याकडून निर्वाहवेतन मिळे. नेपोलियनने १८०४ मध्ये संस्थेला लष्करी स्वरूप दिल्यानंतर शुल्क आकारले जाऊ लागले आणि गरीब घरांतील मुलांना प्रवेश अवघड झाला.

ऊष्मागतिकीच्या इतिहासात या संस्थेचे स्थान मोठे आहे. सादी कार्नो १८१२ मध्ये आणि एमिल क्लापेरों १८१६ मध्ये तेथे दाखल झाले. कार्नो यांनी १८२४ मध्ये उष्णतेच्या प्रेरक शक्तीविषयीचे आपले छोटे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. क्लापेरों यांनी १८३४ मध्ये तोच विचार दाब व आकारमान यांच्या आलेखात आणि कलनाच्या भाषेत मांडला, आणि तेव्हा तो इतरांना उमगला. आज प्रत्येक विद्यार्थी कार्नो चक्राची जी आकृती काढतो, तिचा उगम या दुसऱ्या मांडणीत आहे. मूळ ग्रंथ अवघड वाटल्यावर कोणीतरी तो उलगडून सांगणे, हे या शास्त्राच्या जन्मकथेतच आहे.

२. केंब्रिज : विद्यापीठाच्या सावलीतील शिकवणी

इंग्लंडमध्ये चित्र अगदी निराळे होते. केंब्रिज विद्यापीठाच्या ‘मॅथेमॅटिकल ट्रायपॉस’ या परीक्षेत प्रथम वर्गात येणाऱ्यास ‘रँग्लर’ आणि त्यांतील पहिल्यास ‘सीनियर रँग्लर’ म्हणत. या क्रमांकावर महाविद्यालयाची फेलोशिप आणि पुढचे आयुष्य अवलंबून असे. १८५४ च्या परीक्षेत आठ दिवसांत सोळा प्रश्नपत्रिका, साडेचव्वेचाळीस तास आणि २११ प्रश्न होते. अशा परीक्षेची तयारी करून घेण्यास विद्यापीठातील प्राध्यापकांची व्याख्याने पुरेशी नव्हती, कारण ती परीक्षेच्या अनुषंगाने दिलीच जात नसत. महाविद्यालयांतील वर्गांत हुशार आणि कच्चे विद्यार्थी एकत्र बसत. ही उणीव खाजगी शिक्षकांनी भरून काढली.

विद्यापीठाला हे मान्य नव्हते. परीक्षेपूर्वीच्या दोन वर्षांत खाजगी शिक्षकाकडे शिकलेल्या विद्यार्थ्यास सन्मान परीक्षेला बसता येणार नाही, असा ठराव १७८१ मध्ये करण्यात आला. पण गरज टिकून होती, म्हणून नियम ढिला होत गेला. ही मुदत १८०७ मध्ये दीड वर्षावर, १८१५ मध्ये एक वर्षावर आणि १८२४ मध्ये सहा महिन्यांवर आली. पुढे बंदी नावापुरतीही उरली नाही. नियमाने मदत थांबत नाही, ती केवळ विद्यापीठाच्या दृष्टीआड जाते, हा या प्रसंगाचा धडा म्हणावा लागेल.

या शिक्षकांत दोन नावे अग्रगण्य आहेत. विल्यम हॉपकिन्स हे १८२७ चे सातवे रँग्लर होते. विवाहित असल्यामुळे त्यांना फेलोशिप मिळू शकली नाही आणि त्यांनी शिकवणीचा व्यवसाय पत्करला. १८४९ पर्यंत त्यांच्या हाताखालून सुमारे २०० रँग्लर बाहेर पडले होते आणि त्यांत सतरा सीनियर रँग्लर होते. जॉर्ज स्टोक्स, विल्यम थॉम्सन (पुढे लॉर्ड केल्विन), पीटर टेट आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेल हे त्यांचे शिष्य होत. दुसरे एडवर्ड राउथ. १८५४ च्या परीक्षेत राउथ पहिले आले आणि मॅक्सवेल दुसरे. राउथ यांनी १८८८ पर्यंत सहाशेहून अधिक विद्यार्थ्यांना शिकवले. त्यांच्यापैकी पंचवीसहून अधिक जण सीनियर रँग्लर झाले. लॉर्ड रॅली, जोसेफ लार्मर आणि जे. जे. थॉम्सन हे त्यांपैकी काही शिष्य. नियंत्रण प्रणालीच्या अभ्यासात स्थिरता तपासण्याची ‘राउथ कसोटी’ आजही प्रत्येक अभियांत्रिकी विद्यार्थी शिकतो. ती याच शिकवणीच्या शिक्षकाच्या १८७७ च्या निबंधातून आली आहे.

राउथ यांची रीत पाहण्याजोगी आहे. समान तयारीच्या मोजक्या विद्यार्थ्यांचा एक गट ते एका वेळी शिकवीत. प्रत्येक आठवड्याला परीक्षेच्या धर्तीवर उदाहरणांचा संच दिला जाई. तो कधी हव्या तेवढ्या वेळात, तर कधी घड्याळ लावून सोडवायचा असे. उत्तरे तपासली जात आणि गुण सर्वांसमोर लावले जात. त्यानंतर शिक्षकांनी स्वतः लिहिलेली आदर्श उत्तरे विद्यार्थ्यांच्या खोलीत वाचण्यासाठी व उतरवून घेण्यासाठी ठेवली जात. येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी प्रयत्न, मग तपासणी आणि शेवटी उत्तर. तयार उत्तरे त्या काळीही होती, परंतु ती प्रयत्नाच्या नंतर येत, आधी नव्हे.

या व्यवस्थेचे दोषही गंभीर होते. पहिला दोष खर्चाचा. उत्तम शिक्षकाचे शुल्क ज्यांच्या पालकांना परवडे, त्यांनाच हा मार्ग मोकळा होता. दुसरा दोष स्त्रियांच्या वाट्याला आला. फिलिपा फॉसेट यांनी १८९० मध्ये सीनियर रँग्लरपेक्षा अधिक गुण मिळवले. त्यांनाही ई. डब्ल्यू. हॉब्सन यांच्यासारख्या नामवंत शिक्षकाचे मार्गदर्शन लाभले होते. तथापि स्त्रियांना केंब्रिजची पदवी १९४८ पर्यंत मिळत नव्हती. म्हणजे मदत मिळाली आणि गुणवत्ताही सिद्ध झाली, तरी मान्यता मिळाली नाही. तिसरा दोष विषयाच्या संकोचाचा. जी. एच. हार्डी १८९८ मध्ये चौथे रँग्लर झाले. शिकवणीतील परीक्षानिष्ठ कवायतीला ते कंटाळले होते, आणि खरे गणित म्हणजे काय हे त्यांना जॉर्डां यांच्या ग्रंथातून कळले. पुढे ट्रायपॉसच्या सुधारणेसाठी त्यांनी सातत्याने आवाज उठवला.

क्रमवार यादी शेवटची १९०९ मध्ये जाहीर झाली आणि जुन्या शिकवण्यांचे युग संपले. मात्र मदतीची गरज संपली नाही. महाविद्यालयांनी ती ‘सुपरव्हिजन’ या नावाने आपल्या अंगावर घेतली. एक-दोन विद्यार्थी उदाहरणसंच सोडवून आणतात आणि शिक्षक त्यांच्यासमोर बसून चुका दाखवतात, ही आजची केंब्रिजमधील रीत आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जे विद्यापीठाने निषिद्ध ठरवले होते, तेच पुढे त्याच्या शिक्षणाचा कणा बनले.

३. शिकवणीच्या खोलीतून ऊष्मागतिकीकडे

हॉपकिन्स यांच्या शिकवणीचा आणि ऊष्मागतिकीचा संबंध केवळ नावांपुरता नाही. विल्यम थॉम्सन १८४५ मध्ये दुसरे रँग्लर झाले. जॉर्ज ग्रीन या गिरणीवाल्या गणितज्ञाचा १८२८ चा दुर्मीळ निबंध ते शोधत होते आणि तो त्यांना कोठेच मिळत नव्हता. परीक्षेनंतर पॅरिसला जाण्यापूर्वी हॉपकिन्स यांच्याशी बोलताना विषय निघाला, तेव्हा त्या निबंधाच्या प्रती त्यांच्या शिक्षकापाशीच असल्याचे उघड झाले. अभियांत्रिकी गणितात शिकवले जाणारे ग्रीनचे प्रमेय त्या निबंधाशी जोडलेले आहे. थॉम्सन यांनी तो पॅरिसमधील गणितज्ञांच्या हाती दिला आणि पुढे पुनर्मुद्रितही करवून घेतला. स्टोक्सच्या प्रमेयाची कथाही तशीच आहे. थॉम्सन यांनी ते १८५० मध्ये एका पत्रातून स्टोक्स यांना कळवले होते. छापील स्वरूपात मात्र ते प्रथम १८५४ च्या ‘स्मिथ पारितोषिक’ परीक्षेतील प्रश्न म्हणून आले. त्या परीक्षेला मॅक्सवेल बसले होते. एका पिढीचे परीक्षेतील उदाहरण पुढच्या पिढीचे प्रमेय झाले.

पॅरिसमध्ये थॉम्सन यांनी आंरी व्हिक्तोर रेन्यो यांच्या प्रयोगशाळेत काम केले. वाफेच्या गुणधर्मांची रेन्यो यांची काटेकोर मापने १८४७ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि पुढील स्टीम टेबलांचा पाया त्यांतून घातला गेला. कार्नो यांचे मूळ पुस्तक थॉम्सन यांना पॅरिसच्या पुस्तकविक्रेत्यांकडे मिळाले नाही. क्लापेरों यांच्या लेखावरूनच त्यांनी सिद्धांत समजून घेतला आणि १८४८ मध्ये निरपेक्ष तापमानाची मोजपट्टी सुचवली. तरी एक कोडे त्यांना सुटत नव्हते. उष्णता टिकून राहते असे कार्नो यांचे गृहीत होते, तर तिचे कार्यात रूपांतर होते असे जेम्स जूल यांचे प्रयोग सांगत होते. जूल यांच्याशी १८४७ मध्ये ऑक्सफर्ड येथे भेट झाली, बंधू जेम्स यांच्याशी सतत चर्चा चालू राहिली आणि १८५० मध्ये क्लाउझिउस यांचा लेख आला. १८५१ पर्यंत थॉम्सन यांचेही उत्तर तयार झाले. ज्यांचे नाव तापमानाच्या एककाला दिले गेले, त्यांनाही हे उदाहरण एकट्याने सुटले नव्हते.

४. अभियंत्याचे गणित

या नव्या शास्त्राला अभ्यासक्रमाचे रूप देण्याचे श्रेय मुख्यतः विल्यम रँकिन यांना जाते. ग्लासगो विद्यापीठात १८५५ मध्ये ते स्थापत्य अभियांत्रिकी व यामिकीचे प्राध्यापक झाले आणि १८५९ मध्ये त्यांचे वाफेच्या इंजिनावरील पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे रिचर्ड मोलिए यांनी १९०४ मध्ये एन्थॅल्पी व एंट्रॉपी यांचा आलेख मांडला. त्यामुळे टर्बाइनवरील लांबलचक आकडेमोड एका उभ्या रेषेच्या मोजणीवर आली. कोष्टक आणि आलेख हीसुद्धा मदतच आहे. मात्र ती आकडेमोडीचा भार हलका करते आणि निर्णय विद्यार्थ्यावरच सोपवते.

गणिताच्या बाजूने हेच काम जॉन पेरी यांनी केले. लंडनच्या फिन्सबरी तंत्रमहाविद्यालयात शिकवणाऱ्या पेरी यांचे अभियंत्यांसाठीचे कलनावरील पुस्तक १८९७ मध्ये निघाले. ग्लासगो येथील १९०१ च्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्यांनी गणित-अध्यापनातील सुधारणेचा आग्रह धरला. आलेख कागद, मोजमाप आणि प्रत्यक्ष यंत्रांतील उदाहरणे यांतून गणित शिकवावे, हा त्यांचा विचार होता. त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य सिल्व्हेनस थॉम्पसन यांनी १९१० मध्ये ‘कॅल्क्युलस मेड ईझी’ हे पुस्तक प्रथम निनावी प्रसिद्ध केले. कलन अवघड नाही, ते अवघड करून सांगितले जाते, हा त्याचा सूर होता. ज्यांना केंब्रिजचा खाजगी शिक्षक कधीच परवडला नसता, अशा वाचकांच्या हाती मदत पुस्तकाच्या रूपाने पोहोचली.

५. महाराष्ट्र : पदवी आली, खोली आली नाही

महाराष्ट्रात पुण्यात १८५४ मध्ये अभियांत्रिकी शिक्षणाचा वर्ग सुरू झाला. सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी दुय्यम अधिकारी तयार करणे हा त्याचा हेतू होता. तोच पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी येथूनच १८८३ मध्ये अभियांत्रिकीची परीक्षा उत्तीर्ण केली. त्याआधी बंगळूरला शिकत असताना त्यांनी मुलांच्या शिकवण्या करून आपला खर्च भागवला होता. म्हणजे एका थोर अभियंत्याच्या घडणीतच शिकवणीचा वाटा होता, पण तो घेणाऱ्याचा नव्हे, देणाऱ्याचा.

१८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर होते. परीक्षा घेणे हे विद्यापीठाचे आणि शिकवणे हे महाविद्यालयांचे काम, अशी विभागणी झाली. शिकवणारा आणि परीक्षा घेणारा वेगळा असला, की दोघांमधील मोकळ्या जागेत शिकवणी आणि मार्गदर्शिका उगवतात, हे केंब्रिजमध्ये दिसलेच होते.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे १८९९ मध्ये बर्टविसल यांच्याबरोबरीने सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय होत. दापोलीजवळच्या मुर्डी गावचा हा विद्यार्थी पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. ‘रँग्लर’ ही उपाधी महाराष्ट्रात इतकी रुजली, की ती परांजपे, महाजनी, नारळीकर या आडनावांचा भागच बनली. मात्र त्या पदवीमागची व्यवस्था, म्हणजे लहान गट, साप्ताहिक उदाहरणसंच, समोरासमोर तपासणी, तिच्याबरोबर येथे रुजली नाही. उपाधीचा गौरव झाला, पण ती ज्या खोलीत घडली, त्या खोलीचा विचार झाला नाही.

वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि विद्यार्थिसंख्या झपाट्याने वाढली. ग्रामीण भागातील, मराठी माध्यमातून आलेले, घरातले पहिलेच पदवीधर होऊ पाहणारे तरुण या वर्गांत दाखल झाले. वेळापत्रकात ‘ट्यूटोरियल’चा तास असतो, पण तो अनेकदा फळ्यावरील उदाहरण वहीत उतरवण्यात संपतो. सत्राच्या अखेरीस टर्मवर्कची फाईल वसतिगृहातील एका वहीवरून दहा जण पूर्ण करतात आणि तपासणीत ती बिनचूकच दिसते. ‘एम-थ्री’ आणि ‘थर्मो’ यांत राहिलेला विद्यार्थी एटीकेटीच्या आधाराने पुढच्या वर्गात जातो आणि खाजगी क्लासचा रस्ता धरतो. ज्याला तोही परवडत नाही, तो गाईडमधील सोडवलेली उदाहरणे पाठ करतो. परीक्षेत आकडे बदलले, की पाठांतर निरुपयोगी ठरते.

६. बर्कली : एकत्र बसण्याचा प्रयोग

मदत मागण्यास विद्यार्थी का कचरतात, याचा वेगळा शोध अमेरिकेत घेतला गेला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली परिसरात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात उरी ट्रीस्मन यांनी कलन शिकणाऱ्या कृष्णवर्णीय आणि चिनी वंशाच्या प्रत्येकी वीस विद्यार्थ्यांच्या अभ्यासाच्या सवयींचे निरीक्षण केले. कृष्णवर्णीय विद्यार्थी कलनात मागे पडतात, याची कारणे म्हणून जिद्दीचा अभाव, कच्ची पूर्वतयारी, घरच्यांची उदासीनता आणि गरिबी ही नावे प्राध्यापक घेत होते. प्रत्यक्ष निरीक्षणात ही कारणे टिकली नाहीत. हे विद्यार्थी कष्ट करीत होते, पण एकटे. चिनी वंशाचे विद्यार्थी आधी स्वतंत्रपणे उदाहरणे सोडवीत, मग एकत्र बसून उत्तरे ताडून पाहत, एकमेकांच्या चुका दाखवीत. एखादे उदाहरण कोणालाच सुटले नाही, तर ते मुळातच अवघड आहे, हे त्यांना कळत असे. एकट्या बसलेल्या विद्यार्थ्याला मात्र ते केवळ आपल्यालाच येत नाही, असे वाटत राही.

यातून १९७८ मध्ये सुरू झालेल्या कार्यशाळेत ‘कच्च्यांचा वर्ग’ ही कल्पनाच टाळण्यात आली. नेहमीपेक्षा अवघड उदाहरणे आणि एकत्र काम, हे तिचे सूत्र होते. त्याच दशकात, १९७३ मध्ये, मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील परिसरात डिएना मार्टिन यांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकरवी पूरक अध्यापनाची योजना सुरू केली. तिचेही तत्त्व असे, की ‘अवघड’ हा शिक्का विषयावर मारावा, विद्यार्थ्यावर नव्हे. या दोन्ही प्रयोगांनी मदत घेण्यातील लाज दूर केली, आणि हे त्यांचे खरे यश होय.

७. तयार उत्तराचा काळ

गेल्या दोन दशकांत मदतीची टंचाई जवळजवळ संपली आहे. भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘एनपीटीईएल’ उपक्रमामुळे नामवंत प्राध्यापकांची व्याख्याने गावातील विद्यार्थ्यालाही विनामूल्य उपलब्ध झाली. २००९ मध्ये आलेल्या ‘वुल्फ्रॅम अल्फा’ने समाकलने क्षणात सोडवून दाखवली. २०२२ च्या अखेरीस आलेल्या ‘चॅटजीपीटी’नंतर तर संपूर्ण उदाहरण पायरीपायरीने लिहून मिळू लागले. राउथ यांच्या शिष्याला ज्यासाठी केंब्रिजमध्ये राहावे लागे, ते आता खिशातील मोबाईलवर आहे.

या बदलाचे सामाजिक मोल कमी लेखता येणार नाही. मदतीची किंमत हा हॉपकिन्स यांच्या काळातील मोठा अडसर होता आणि तो बराचसा दूर झाला आहे. लाजेचा अडसरही कमी झाला आहे, कारण यंत्राला शंभरदा विचारले तरी ते कपाळाला आठ्या घालत नाही. परंतु राउथ यांच्या खोलीतील क्रम मात्र उलटला आहे. पूर्वी उत्तर प्रयत्नानंतर येई, आता ते प्रयत्नाआधी येते. २२७ ने भागणाऱ्या विद्यार्थ्याला ४० टक्के हे उत्तर स्पष्टीकरणासह मिळते आणि तो ते उतरवतो. पण तो २२७ ने भागणार होता, हे त्याला स्वतःला कधीच कळत नाही. त्याच्या शिक्षकालाही कळत नाही. चूक न होता उत्तर मिळाल्याने चुकीतून होणारे शिक्षणच टळते.

निष्कर्ष

१) अभियांत्रिकी गणित व ऊष्मागतिकी यांत वर्गाबाहेरील मदत हा अपवाद नसून या विषयांच्या अध्ययनाचा अंगभूत भाग आहे. हे विषय ज्यांनी उभारले, तेही अशाच मदतीतून घडले.

२) संस्था ही जबाबदारी नाकारते तेव्हा मदत थांबत नाही. ती बाजारात जाते आणि पैशाच्या प्रमाणात वाटली जाते. केंब्रिजची बंदी आणि आजचे क्लास या दोहोंतून हेच दिसते.

३) मदतीची परिणामकारकता तिच्या विपुलतेपेक्षा तिच्या क्रमावर अवलंबून असते. प्रयत्न, तपासणी आणि मग उत्तर हा क्रम टिकला तरच मदत शिक्षण ठरते.

४) विद्यार्थ्याला ‘कच्चा’ ठरवून दिलेली मदत त्याला दूर लोटते. विषय अवघड आहे हे मान्य करून समवयस्कांसोबत दिलेली मदत त्याला जवळ आणते.

या निष्कर्षांचा महाविद्यालयीन व्यवहाराशी थेट संबंध आहे. वेळापत्रकातील ट्यूटोरियलचा तास आजही शिल्लक आहे. त्यासाठी नवी इमारत किंवा नवे अनुदान लागत नाही. पाच-सहा विद्यार्थ्यांच्या गटाने आधी स्वतः सोडवून आणलेली तीन उदाहरणे, एकमेकांची तपासलेली उत्तरे आणि शेवटी प्राध्यापकांनी विचारलेला ‘हे असे का?’ हा एक प्रश्न, एवढ्यावर तो तास पुन्हा उभा राहू शकतो. बिनचूक फाईलपेक्षा विद्यार्थ्याच्या वहीत त्याच्या स्वतःच्या हाताने खोडलेली आणि दुरुस्त केलेली ओळ अधिक मोलाची मानली गेली, तर मदत मागणारा विद्यार्थी ती लपून मागणार नाही.